पावसाळ्यात सुरू झालेली कुंईं : ठाण्यातल्या एका गाडीच्या ऑडिओचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१९ ची, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली पेट्रोल हॅचबॅक. मालकीणबाई घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतात, नोकरी महापेला. रोजचा रस्ता माजिवडा, कळवा, विटावा आणि तिथून ठाणे-बेलापूर रोड. दिवसाचे दोन-सव्वादोन तास गाडीतच जातात, म्हणून २०२३ च्या दिवाळीत त्यांनी जुना टेप काढून सगळी ऑडिओ सिस्टिम नव्याने बसवून घेतली.

या सीएनजीच्या गाडीत डिकी टाकीनेच भरलेली होती. त्यामुळे चार चॅनलचा ॲम्प (सिग्नल मोठा करून स्पीकरना देणारा ॲम्प्लिफायर) डाव्या पुढच्या सीटखाली आला आणि ८ इंची सपाट वूफर ड्रायव्हरच्या सीटखाली. ॲम्प ४ ओहमला प्रत्येकी ५० वॉटचा. पुढची दोन चॅनल दारांतल्या कंपोनंट स्पीकरना, मागची दोन ब्रिज करून, म्हणजे जोडून एक करून, १५० वॉट वूफरला. पॉवरची तार ८ गेजची, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज. हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला नवा टेप, टचस्क्रीनवाले; ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलचे आउटपुट २ व्होल्टचे. इथवर काम व्यवस्थित होते. ॲम्पची काळी तार, म्हणजे अर्थिंग, मात्र सीटच्या रेलच्या बोल्टखाली लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) घालून कसली होती. पुढचे सगळे रामायण त्या बोल्टपासून सुरू झाले.

आठ-नऊ महिने काहीच तक्रार नव्हती. जुलै २०२४ मध्ये एका संध्याकाळी विटाव्याला रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली. पाणी दाराच्या उंबऱ्याला टेकले होते. गाडी बंद पडली नाही, आत पाणी आलेले दिसले नाही, त्यामुळे कोणी कार्पेट उचलून पाहिले नाही. दोन-तीन आठवड्यांनी स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली.

तक्रार, आणि आधी झालेले उपाय

इंजिन चालू केले की कुंईं, रेस दिली की तिचा सूर चढतो, पाय काढला की उतरतो. आवाज शून्यावर ठेवला तरी शिट्टी तेवढीच. सकाळी तानपुऱ्यावर संथ आलापी लावली की गायक थांबेल तिथे ही शिट्टी पुढे येई, आणि बाईंची खरी तक्रार तीच होती.

वर्कशॉपमध्ये येण्याआधी तीन जणांनी गाडीला हात लावला होता. ऑगस्टमध्ये पहिल्या इलेक्ट्रिशियनने आरसीए केबल बदलली आणि ॲम्पच्या पॉवरच्या तारेत एक नॉइझ फिल्टर घातला. सप्टेंबरमध्ये दुसऱ्याने ॲम्पची अर्थिंग सीटच्या बोल्टवरून काढून दुसरीकडे लावून पाहिली. शिट्टी कमी झाली पण गेली नाही, म्हणून तार परत त्याच बोल्टखाली गेली. मग त्याने आरसीएमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधला तारेचा दुवा तोडणारी डबी, घातला. कुंईं बरीच दबली, पण गाण्याचा जीवच गेला: बास पातळ, गायकाचा आवाज मागच्या खोलीतून आल्यासारखा. ते भरून काढायला ॲम्पचा गेन (आलेला सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारा स्क्रू) शेवटपर्यंत फिरवला गेला, आणि शिट्टी परत आली. ऑक्टोबरमध्ये तिसऱ्याने अल्टरनेटर बदलायला सांगितले. तो खर्च करण्यापूर्वी बाईंनी गाडी वागळे इस्टेटमधल्या एका ऑडिओ वर्कशॉपमध्ये आणली.

फोनवर त्या एक वाक्य बोलल्या होत्या: “दादा, केबल बदलल्यावर तर आवाज वाढलाच होता.” जॉब कार्डवर ते लिहून घेतले गेले, पण पहिल्या दिवशी कोणी त्याचा विचार केला नाही.

पहिला निर्णय : आधीचे उपाय काढून टाकायचे

गाडी आली तेव्हा तिच्यात फिल्टर होता, आयसोलेटर होता आणि गेन पूर्ण उघडा होता. अशा अवस्थेत काहीही मोजले तरी ते मूळ दोषाचे मोजमाप होत नाही. म्हणून आधी फिल्टर आणि आयसोलेटर काढले, गेन अर्ध्यावर आणला आणि आवाज जसा होता तसा पुन्हा ऐकला.

फिल्टर काढताना तो हाताला चांगलाच गरम लागला. त्याच्यावर १५ अँपिअर लिहिले होते, आणि हा ॲम्प भरात २० अँपिअरच्या वर खेचतो. मोठ्या आवाजात बॅटरीवर १४.१ व्होल्ट असताना ॲम्पच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्टच पोचत होते. मधल्या दीड व्होल्टाचा मोठा भाग फिल्टरच्या बारीक कॉइलमध्ये जळत होता. कारच्या ॲम्पमध्ये स्वतःचा स्विचिंग पॉवर सप्लाय असतो आणि पॉझिटिव्ह तारेवरची लहर तो बहुतेक वेळा स्वतःच गिळतो. त्यामुळे पॉवरच्या तारेतला फिल्टर अशा तक्रारीत क्वचितच कामाला येतो. इथे तर त्याने वूफरचे बळही काढून घेतले होते.

आवाजाची ओळख

कुठलाही पॅनल उघडण्यापूर्वी आवाज कशाने बदलतो आणि कशाने बदलत नाही हे पाहिले. याला दहा मिनिटे लागतात आणि निम्मे संशयित इथेच सुटतात.

चावी ऑन, इंजिन बंद: शांतता. म्हणजे पेट्रोल पंप नाही, कारण त्याची घरघर चावी फिरवताच येते आणि रेसबरोबर बदलत नाही. इंजिन चालू: शिट्टी. पेट्रोलवरून सीएनजीवर नेले तरी फरक नाही, म्हणजे सीएनजीच्या इंजेक्टरचा किंवा त्याच्या ईसीयूचा (कंट्रोल युनिटचा) संबंध नाही. तो असता तर आवाज टिकटिक असा आला असता. हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर लावला की शिट्टी वाढते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच राहते. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ असा की आवाज व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे कुठेतरी शिरतो आहे: आरसीएमध्ये, ॲम्पमध्ये किंवा त्यांच्या अर्थिंगमध्ये. गाणे ब्लूटूथवरून येते की यूएसबीवरून, याने काही फरक पडणार नव्हता.

मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारे ॲप ट्वीटरजवळ (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरजवळ) धरले. आयडलला, सुमारे ८०० आरपीएमला, टोक १२०० हर्ट्झच्या आसपास. २००० आरपीएमला ३००० च्या जवळ. हा हिशेब अल्टरनेटरशी जुळतो. नेहमीच्या १२ पोलच्या तीन फेजवाल्या अल्टरनेटरमध्ये डायोडमधून गेलेल्या करंटला एका फेऱ्यात ३६ लहरी येतात. पुलीमुळे अल्टरनेटर इंजिनच्या सुमारे अडीच पट फिरतो. ८०० गुणिले अडीच म्हणजे मिनिटाला २००० फेरे, गुणिले ३६, भागिले ६०: बरोबर १२००. पुलीचे प्रमाण गाडीगणिक थोडे वेगळे असते, पण एवढा मेळ बसला की उगमाबद्दल शंका उरत नाही.

दुसरा निर्णय : अल्टरनेटर बदलायचा का?

आवाज अल्टरनेटरचा आहे म्हणजे अल्टरनेटर बिघडला आहे, ही उडी तिसऱ्या गॅरेजने घेतली होती. धडधाकट अल्टरनेटरही लहर सोडतोच. ती किती आहे, एवढाच प्रश्न असतो.

बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मीटर लावून हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून एसी व्होल्ट, म्हणजे डीसीवर चढलेली लहर, मोजले: ३५ मिलिव्होल्ट. डीसी १४.१ व्होल्ट. डायोड गेलेला असता तर एसीचा आकडा काही शे मिलिव्होल्टवर गेला असता. अल्टरनेटर निर्दोष ठरला आणि तो खर्च वाचला.

इथे मीटरबद्दल सांगितले पाहिजे, कारण चुकीचा निकाल बहुतेक वेळा मीटरमुळेच लागतो. दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते, तिच्यावर मिलिव्होल्ट दिसतच नाहीत. शिवाय त्यात डीसी अडवणारा कपॅसिटर नसतो. बॅटरीला लावला की एका बाजूने तो तीस व्होल्टच्या आसपासचा आकडा दाखवतो आणि प्रोब उलटे केले की शून्य. तो आकडा पाहून अल्टरनेटर फुकट जाऊ शकतो. एसी मिलिव्होल्टची रेंज असलेला मीटरच घ्यावा, आणि प्रोब उलटे करून आकडा तोच राहतो याची खात्री करावी.

आवाज कुठे शिरतो

आता सिस्टिमचे दोन तुकडे करून पाहायचे होते. यात एक शिस्त पाळावीच लागते: आरसीए काढण्या-घालण्यापूर्वी इंजिन बंद, हेड युनिट बंद आणि ॲम्पचा फ्यूज काढलेला. तसे का, ते पुढे कळेल.

ॲम्पच्या आरसीए इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग घातले. म्हणजे साधे आरसीए पिन, ज्यांचा मधला काटा आणि बाहेरची कडी आतून जोडलेली असते. जुन्या केबलचे टोक कापून दहा मिनिटांत होतात. फ्यूज घालून गाडी चालू केली: पूर्ण शांतता. म्हणजे ॲम्प स्वतः आवाज करत नाही.

मग शॉर्टिंग प्लग काढून आरसीए केबल ॲम्पला परत लावली, पण तिचे दुसरे टोक हेड युनिटऐवजी चार्जिंगला न लावलेल्या मोबाइलला जोडले. गाडी चालू, रेस: शांतता. ही चाचणी फार मोलाची ठरली, कारण या गाडीत आरसीए आणि पॉवरची तार दोन्ही डाव्या उंबऱ्याखालून शेजारी-शेजारी गेल्या होत्या. कोणीही बघताच म्हणेल की हाच दोष, दोन तारा वेगळ्या बाजूंनी न्या. तारा नव्याने टाकायच्या तर सीटा, कार्पेट, सगळे उघडावे लागले असते आणि दिवस गेला असता. पण केबलच आवाज उचलत असती तर मोबाइल लावूनही तो आलाच असता. आला नाही, म्हणून कार्पेट जागेवर राहिले. नवीन काम करताना पॉवर एका बाजूने, सिग्नल दुसऱ्या बाजूने आणि जिथे ओलांडायचे तिथे काटकोनात, हा नियम पाळायलाच हवा. झालेले काम उखडायचे की नाही हे मात्र चाचणीनंतरच ठरवावे.

उरले हेड युनिट, ॲम्प आणि त्यांच्यातल्या जमिनीचे, म्हणजे अर्थिंगचे, नाते.

पहिला दोष : सीटचा बोल्ट

मल्टिमीटरचा एक प्रोब ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर, दुसरा लांब तारेने बॅटरीच्या निगेटिव्हवर. ५० हर्ट्झचा टोन मोठ्या आवाजात वाजवला आणि डीसी मोजले: ०.४१ व्होल्ट. ०.१ च्या आत असायला हवे होते.

ओहमच्या रेंजवर हा दोष सापडला नसता. २० अँपिअरच्या वाटेत २० मिलिओहम जास्तीचे आले तरी ०.४ व्होल्ट पडतात, आणि साधा मीटर २० मिलिओहम आणि शून्य यांत फरक करू शकत नाही. ‘मीटरने चेक केलं, अर्थिंग ओके आहे’ असे सांगणारा खोटे बोलत नसतो, त्याची मोजायची पद्धत अपुरी असते. अर्थिंग नेहमी करंट वाहत असताना व्होल्टमध्ये मोजावी.

सीटखालचे कार्पेट उचलल्यावर खालचा नमदा (फेल्टचा जाड थर) अजून ओला होता. जुलैचे पाणी ऑक्टोबरअखेरपर्यंत. डाव्या फ्लोअरचा एक रबरी बूच निम्मा निघालेला सापडला, पाणी तिथून आले होते. बोल्टखालची लग हिरवट पडली होती आणि रेलच्या बाजूने गंज चढला होता. सीटचा बोल्ट अर्थिंगला मुळातच वाईट: रेलवर पावडर कोटिंग असते, आट्यांत लॉकिंगचे द्रव्य असते, आणि लग मध्ये आली की बोल्टाची पकड कमी होते. सीटचा बोल्ट अपघातात माणसाला धरून ठेवतो. त्याच्याखाली काहीही घालू नये, हे ऑडिओच्याही आधीचे कारण.

नवी जागा कुठे, यावर तीन पर्याय होते. फ्लोअरला भोक पाडून बोल्ट घालणे सर्वांत सोपे, पण ते ताबडतोब बाद केले. या गाडीच्या खालून सीएनजीची नळी जाते आणि त्यात २०० बारपर्यंत दाब असतो. पेट्रोलची नळीही तिथेच. लिफ्टवर घेऊन खालून पाहिल्याशिवाय अशा गाडीत ड्रिल लावायचेच नाही. दुसरा पर्याय बी-पिलरच्या (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या) पायथ्याशी असलेला कंपनीचा अर्थ स्टड. पण तिथे पिवळ्या वेष्टणाची वायर होती, म्हणजे सीटबेल्ट आणि एअरबॅगची. त्या स्टडवर ॲम्पचा करंट टाकणे योग्य नाही. तिसरा, सीटखालच्या आडव्या क्रॉस मेंबरवर कंपनीनेच वेल्ड केलेला, वापरात नसलेला एम८ नट. तोच निवडला.

नटाभोवती साधारण २५ मिलिमीटरचे वर्तुळ ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासले. रंग काढणे एवढेच पुरत नाही, खालचा राखाडी प्रायमरही करंट अडवतो. तांब्याची कल्हई केलेली नवी लग नीट क्रिंप केली, तीही दाबाच्या क्रिंपरने, पकडीने चेपून नाही. ८ गेजची तार ३५ सेंटिमीटर. लग थेट पत्र्यावर, वर दातेरी वॉशर, मग बोल्ट. कसल्यानंतर वरून झिंकचा स्प्रे आणि त्यावर ग्रीस. आधी ग्रीस लावून मग कसणारे बरेच असतात, तो क्रम उलटा आहे. नमदा दोन दिवस उन्हात वाळवला, बूच बदलला.

पुन्हा मोजले: ०.०६ व्होल्ट. शिट्टी निम्म्याहून कमी झाली, पण होती.

जिथे वाट चुकली

याच टप्प्यावर सप्टेंबरमधला इलेक्ट्रिशियन मागे फिरला होता. त्याने अर्थिंग हलवली, आवाज कमी झाला पण गेला नाही, म्हणून त्याने निष्कर्ष काढला की दोष अर्थिंगचा नाही. वर्कशॉपनेही इथे वेगळी, पण त्याच जातीची चूक केली: दोष अर्थिंगचाच आहे, फक्त जागा अजून चांगली हवी, असे धरून बॅटरीपासून थेट तार ओढून पाहिली. तासभर गेला. आवाजात नावापुरता फरक.

दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली, की दोष एक आहे. मोजमाप स्पष्ट सांगत होते: ०.४१ चे ०.०६ झाले. ती दुरुस्ती पूर्ण झाली होती. तरीही आवाज उरला, तर त्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे होते. तेव्हा कोणीतरी जॉब कार्ड पुन्हा वाचले. केबल बदलल्यावर आवाज वाढला. नवी, चांगली केबल घातल्यावर आवाज का वाढावा?

दुसरा दोष : हेड युनिटची शील्ड

हेड युनिट बाहेर काढले. आरसीए मोकळ्या केल्या, कारण जोडलेल्या असताना मोजले तर ॲम्पच्या अर्थिंगमधून खोटी वाट दिसते. मग हेड युनिटच्या आरसीएची बाहेरची कडी, म्हणजे शील्ड, आणि त्याची काळी तार यांच्यात ओहम मोजले. शून्याच्या जवळ यायला हवे होते. आले १८ किलोओहम. सिग्नलची परतीची वाट आतल्या आत तुटली होती.

अनेक हेड युनिटमध्ये या वाटेवर बोर्डवर तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान फ्यूज किंवा बारीक ट्रॅक असतो. तो जळला की आरसीएची शील्ड हेड युनिटच्या बाजूने अधांतरी लोंबकळते. सिग्नल मग ॲम्पमधून गाडीच्या पत्र्याने फिरून हेड युनिटकडे परततो, आणि त्या पत्र्यावर अल्टरनेटरची लहर आधीच वाहत असते. ती सिग्नलमध्ये मिसळते आणि ॲम्प तिला इमानाने मोठी करतो. काही महाग युनिटमध्ये आउटपुट मुद्दामच जमिनीपासून वेगळे ठेवलेले असते, तिथे हा आकडा दोष दाखवत नाही. म्हणून मोजून थांबायचे नाही, करूनही पाहायचे. एक बारीक तार आरसीएच्या कडीपासून हेड युनिटच्या धातूच्या पेटीला टेकवली. शिट्टी तत्क्षणी बंद. काढली, सुरू. टेकवली, बंद.

हेड युनिटमधला हा फ्यूज कशामुळे जळला? या ॲम्पमध्ये आरसीएची कडी आणि पॉवरचे ग्राउंड आतून थेट जोडलेले होते. चांगल्या ॲम्पमध्ये मध्ये रेझिस्टर असतो. सीटच्या बोल्टखाली गंज चढल्यावर ॲम्पचा काही करंट आरसीएच्या शील्डमधून, हेड युनिटच्या काळ्या तारेतून परतू लागला. त्यात ऑगस्टमध्ये ॲम्प चालू असतानाच केबल काढ-घाल झाली. तो बारीक फ्यूज बहुधा तेव्हाच गेला, आणि म्हणूनच केबल बदलल्यावर आवाज वाढला. पहिल्या दोषातून दुसरा जन्मला होता.

आयसोलेटरचे कोडेही इथे सुटले. आयसोलेटरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांना सिग्नलची दोन्ही टोके लागतात, आणि इथे एक टोक अधांतरी होते. डाव्या-उजव्या चॅनलच्या कड्या एकमेकींना जोडलेल्या, पण जमिनीला नाहीत. अशा वेळी दोन्ही चॅनलमध्ये सारखे असलेले एकमेकांना मारते आणि फक्त फरक उरतो. गायकाचा आवाज आणि बास दोन्ही चॅनलमध्ये सारखेच असतात. गायक मागे गेला, बास पातळ झाला, तो यामुळे. आयसोलेटर घातल्यावर गायक हरवला तर आयसोलेटरला हलका माल म्हणण्याआधी हेड युनिटची शील्ड तपासावी.

तिसरा निर्णय : दुरुस्ती कशी आणि कोणत्या क्रमाने

टेकवून पाहिलेली तारच कायमची जोडून द्यायची, हा सर्वांत स्वस्त उपाय आणि बाजारात सर्रास होतो. तो नाकारला. ॲम्पची अर्थिंग पुन्हा कधी ढिली झाली तर ॲम्पचा करंट त्या बारीक तारेतून धावेल, आणि तिला अडवायला फ्यूज नसेल. डॅशबोर्डमागे तापलेली तार म्हणजे आगीला आमंत्रण. याच कारणाने क्रमही महत्त्वाचा होता. वर्कशॉपला हेड युनिटचा दोष आधी सापडला असता आणि तार जोडून शिट्टी थांबली असती, तर गंजलेला बोल्ट तसाच राहिला असता. अर्थिंग आधी, शील्ड नंतर, हा क्रम उलटवू नये.

नवे हेड युनिट घेणे अनावश्यक होते. बोर्डवरचा फ्यूज बदलायचे ठरले. मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून त्याच क्षमतेचा फ्यूज बसवून घेतला, जागा शॉर्ट करू दिली नाही. चार दिवस बाईंना गाडी टेपविना चालवावी लागली. तेवढे आधीच सांगितले होते.

फ्यूज बसल्यावर कडी आणि काळ्या तारेतला आकडा १ ओहमच्या खाली आला.

गेन

शिट्टी गेली होती, पण ट्वीटरला कान लावला की ‘स्स्स’ ऐकू येत होते. गेन अजून गरजेपेक्षा वर होता. गेन म्हणजे आवाजाचा नॉब नव्हे. हेड युनिटचे जेवढे व्होल्ट येतात त्यांना ॲम्पशी जुळवणे हे त्याचे काम. २ व्होल्टच्या हेड युनिटला ॲम्प ०.२ व्होल्टवर लावला तर सगळा गोंगाट दहा पट मोठा होतो, म्हणजे २० डेसिबल.

स्पीकरच्या तारा ॲम्पवरून काढल्या. हेड युनिटचा इक्वलायझर सपाट, बास बूस्ट आणि लाउडनेस बंद, व्हॉल्यूम ४० पैकी ३०. पुढच्या चॅनलसाठी शून्य डेसिबलचा १ किलोहर्ट्झ टोन लावून एसी व्होल्ट मोजले. ५० वॉट गुणिले ४ ओहमचे वर्गमूळ १४.१ व्होल्ट, आकडा तिथे येईपर्यंत गेन खालून वर फिरवला; त्याच्या पुढे विकृती सुरू होते, म्हणून तिथेच थांबायचे. ब्रिज केलेल्या जोडीला ५० हर्ट्झ, १५० गुणिले ४ चे वर्गमूळ २४.५ व्होल्ट. दोन्ही नॉब पाव फेऱ्याच्या आसपास स्थिरावले. ‘स्स्स’ आता ट्वीटरपासून वीतभर अंतरावरही ऐकू येईना.

निष्पत्ती

इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करणारी जाळी, सगळे लावून रेस दिली: स्पीकर शांत. फिल्टर नसल्याने ॲम्पवर मोठ्या आवाजात १३.७ व्होल्ट पोचू लागले आणि वूफर पुन्हा भरून वाजू लागला.

एक लहान तक्रार गाडी परत देताना निघाली. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्सने, म्हणजे हेडफोनच्या पिनच्या तारेने, गाणे लावले की बारीक घूंघूं येते. ही व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत होती, म्हणजे उगम हेड युनिटच्या आधी: चार्जर आणि ऑक्सची केबल यांच्यातला लूप. इथे आयसोलेटर हेच योग्य औषध. सप्टेंबरमध्ये विकत घेतलेला तोच आयसोलेटर ऑक्समध्ये घातला आणि घूंघूं थांबली. बासमध्ये किंचित फरक पडतो, तो बाईंना सांगितला; त्या बहुतेक वेळा ब्लूटूथच वापरतात.

जून २०२५ मध्ये पाऊस सुरू होताना गाडी तपासणीला बोलावली. अर्थिंगवर ०.०७ व्होल्ट, बोल्टावर गंज नाही, नमदा कोरडा.

काय वेगळे करता आले असते

जुलैमध्ये पाण्यातून गाडी काढल्यावर त्याच आठवड्यात कार्पेट उचलून पाहिले असते तर बाकी काहीच घडले नसते. ठाण्या-नवी मुंबईत सीटखाली ॲम्प असलेल्या प्रत्येक गाडीला हे लागू आहे: उंबऱ्यापर्यंत पाणी आले की सीटखालचा नमदा हाताने दाबून बघायचा आणि ॲम्पचा फ्यूज काढून ठेवायचा. कार्पेट वरून कोरडे लागते, नमदा आत पाणी महिनोन्महिने धरून ठेवतो.

वर्कशॉपने पहिल्याच दिवशी हेड युनिटची शील्ड मोजायला हवी होती. हेड युनिट बाहेर काढायला वीस मिनिटे लागतात, म्हणून ते मागे ठेवले गेले. आरसीए तरी ॲम्पच्या टोकाला मोकळ्या होत्याच. तिथूनच केबलची कडी आणि डॅशबोर्डच्या धातूमध्ये मोजले असते तर पॅनल न उघडताही १८ किलोओहम दिसले असते. आता जॉब कार्डवर ही चाचणी शॉर्टिंग प्लगच्या लगेच खाली छापली आहे. तिच्या वर आणखी एक ओळ आली आहे, ग्राहकाला विचारायची: कोणत्या दुरुस्तीनंतर आवाज कमी झाला, आणि कोणत्या दुरुस्तीनंतर वाढला.

आणि ॲम्पचा फ्यूज न काढता आरसीएला हात लावायला नको होता. ऑगस्टमध्ये तो एक फ्यूज काढला असता तर दुसरा बहुधा जळला नसता.